पाचव्या खंडातला कॉफीवाला

ताटातल्या काचेच्या पेल्यात चमचा किणकिणला आणि नेर्मीनचे हात भाजीच्या जुडीवरच थांबले. ताटाच्या कडेला ठेवलेला फोन थरथरत होता. दुपारचे तीन वाजलेले, सगळी इमारत पेंगलेली. आतल्या खोलीत पाच वर्षांच्या तालियाला आत्ता कुठे डोळा लागला होता. नेर्मीनने आधी चमचा धरला, मग ओल्या बोटांनी फोन उचलला.

निरोप लुत्फींचा होता. लुत्फी अलेक्झांड्रियाच्या बंदरावर जकात कचेरीत कारकून, आणि तिच्या कादंबरीमालेचे पहिल्या खंडापासूनचे वाचक. तिच्या त्या कल्पित राज्यात कोण कधी जन्मलं, कोण कधी मेलं, याची नोंद ते एका वहीत ठेवत. पाचवा खंड दुकानात येऊन आज चौथा दिवस होता.

‘पान दोनशे बारा. म्हातारा सफ्वान राणीला कॉफी देतो. सफ्वान दुसऱ्या खंडात नदीत बुडून मेला आहे. संध्याकाळी बोलू.’

तिने ते पुन्हा वाचलं. दुसरा खंड घरात एकच होता. जेवताना तालियाचे हात टेबलापर्यंत पोचावेत म्हणून तिच्या खुर्चीवर उशीखाली ठेवलेला. तो ओढून काढला, पावाचा चुरा झटकला, पान शोधलं. मेला होता. तिनेच मारला होता, आणि त्या पानाशी चार दिवस अडून बसली होती.

पाचवा खंड तिने तुकड्यातुकड्यांनी लिहिला होता. दातांच्या डॉक्टरांकडे बसून, ट्राममध्ये मुलीचं डोकं मांडीवर घेऊन, डाळ शिजेपर्यंत. दोनशे बारावं पान तिला चांगलं आठवत होतं. तालियाचा गोवर उतरला त्या सकाळचं ते. तीन दिवस जागलेली राणी तंबूबाहेर आली होती आणि तिच्या हातात कुणीतरी काहीतरी गरम द्यायला हवं होतं. सैन्यात माणसं चिक्कार होती, पण लेखणी सरळ कॉफीवाल्या सफ्वानपाशी गेली.

तिने जिर्जिसकाकांना फोन लावला. प्रकाशक तेच, मुद्रितं तपासणारेही तेच. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की कागद परवडेनासा झालाय, या खंडावर वाचक उलटले तर सहावा आणि शेवटचा खंड माझ्याकडून निघायचा नाही. आणि असल्या पुस्तकांचे वाचक दुष्ट राजाला माफ करतात, चुकलेल्या तारखेला नाही. काकांनी पान काढून पाहिलं. मग म्हणाले, की ते पान आपण दोनदा वाचलं होतं. दोन्ही वेळा सफ्वान आला म्हणून बरंच वाटलं होतं.

सासूबाई तांता गावाला गेल्या होत्या, म्हणून संध्याकाळी वाचकांच्या बैठकीला तिने तालियाला बरोबरच घेतलं. अत्तारीन पेठेतल्या काकांच्या पुस्तकांच्या दुकानामागच्या खोलीत तीस खुर्च्या, चहाचा वास, आणि प्रत्येकाच्या मांडीवर तो जाडजूड पाचवा खंड. मतं सुरू झाली. एकाचं म्हणणं, पुस्तकातला वेढा इतका लांबला की तेवढ्यात त्याची दुखरी दाढ काढून जखमही भरून आली. कुणाला नकाशा भिंगाशिवाय दिसत नव्हता. राजकन्येचं लग्न तीन ओळींत उरकलं म्हणून एक नवी नवरी रुसली होती. आमच्याकडे पाहुण्यांना निरोप द्यायलाही जिन्यावर तास जातो, ती म्हणाली. सगळे हसले. नेर्मीनही हसली, पण लक्ष लुत्फींच्या मांडीवरच्या वहीवर.

लुत्फी उठले. त्यांनी नोंद वाचून दाखवली. खंड, पान, ओळ. मागून कुणीतरी पुटपुटलं, की विसरली असणार. दुसऱ्याने सांगितलं, आपण त्या पानावर पुस्तक मिटलं ते मिटलंच.

पुढच्या रांगेत हज्जा इक्बाल बसल्या होत्या. नेर्मीनच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, हज करून आलेल्या, चाळीस वर्षं शाळेत रसायन शिकवलेल्या. लुत्फी त्यांचा विद्यार्थी.

“लुत्फी, प्रेत कुणी पाहिलं?”

“नावाड्याने सांगितलंय, हज्जा.”

“कुठल्या? तिसऱ्या खंडात ज्याने एकच बकरी दोघांना विकली, त्या?”

लुत्फींनी पानं उलटली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“तोच.”

“त्याच्या शब्दावर माणूस मारून मोकळा झालास? जकातीतही असंच करतोस का रे?”

मग जो तो बोलू लागला. हिवाळ्यात नदीला पाणी कमी असतं. वळणावर लव्हाळं आहे. चौथ्या खंडात कुणीतरी धुरकट कॉफीचा वास आल्याचं म्हणतं, तो कुठून आला? किटली हातात धरून काका दारात उभे होते. त्यांनी नेर्मीनकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, गप्प बस.

गप्प बसणं सोपं होतं. नुसतं गूढ हसली असती तरी भागलं असतं. तिने तालियाला मांडीवरून खाली उतरवलं आणि उभी राहिली.

“मी विसरले होते,” ती म्हणाली. “तो मेलाय हेच विसरले होते. यात काही डाव नाही.”

लुत्फींनी चष्मा काढला.

“उस्ताझा,” ते बाईंना आदराने म्हणाले, “तुम्ही यात पडू नका. आमचं ठरलंय.”

खोली खदखदून हसली. लुत्फींनी पट्टी ठेवून वहीतली सफ्वान बुडाल्याची नोंद सरळ रेघेत खोडली. सहावा कधी, असं दोनतीन जणांनी एकदम विचारलं, तेव्हा दारातून काका म्हणाले, बाईंचं लिहून तर होऊ दे, छापायला मी बसलोय. नेर्मीन खाली बसली. चहात पुदिना आहे हे तिला चौथ्या घोटाला कळलं.

जाताना हज्जा तिच्यापाशी थांबल्या. तालियाच्या हातात त्यांनी तिळाचं बिस्किट ठेवलं.

“दुसरा खंड वाचल्यावर वर्षभर मी तुझ्याशी जिन्यात बोलले नव्हते.”

“मला वाटलं, तुमचे गुडघे दुखतायत.”

“ते तर दुखतच होते.”

तालियाने बिस्किटाचा कोपरा चावला. एवढा वेळ ती सगळं ऐकत होती.

“मम्मा, ते आजोबा नदीत मेले होते ना?”

“हो.”

“आणि मग कॉफी घेऊन आले.”

“आले.”

तालिया थोडा वेळ चावत राहिली. मग तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

“पण ते मेले होते, हे त्यांना माहितेय का?”