जंगलाचा खर्ज

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या आमच्या हौशी क्वायरमध्ये मराठी माणसं तीनच: मी, आमची कंडक्टर प्रीता आणि तिचे बाबा, प्रल्हादकाका. काकांनी वर्षानुवर्षं आपल्या बेसमेंटमध्ये इथल्या मराठी पोरांना शास्त्रीय गाणं शिकवलं. स्वतःची लेक मात्र त्या जिन्याने कधी खाली उतरली नाही. रिटायर झाल्यावर तिच्या हाताखाली एकदा तरी गायचं, एवढ्या एका हौसेपायी ते आमच्यात आले.

यंदा आम्ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक समूहगान बसवत होतो. शब्द नाहीतच, नुसत्या 'आ' आणि 'ऊ'मधून पाइनच्या जंगलात संध्याकाळ उतरते. शेवटचा स्वर इतका लांब की एकट्याचा दम पुरणं अशक्य. म्हणून शेजारी गात असताना आपण गुपचूप श्वास घ्यायचा आणि गुपचूपच परत शिरायचं. ऐकणाऱ्याला जंगल अखंड वाटलं पाहिजे.

काकांना नेमकं तेच जमेना. दर वेळी श्वास घेऊन परत आले की खर्ज असा ठणठणीत लावायचे की सगळं जंगल दचकायचं.

"बाबा, एव्हरी टाइम यू कम बॅक, वुई ऑल हिअर यू," प्रीता वैतागली.

"स्वर लावायचा म्हणजे लावायचा गं. चोरासारखं कसं शिरायचं?"

मला हसू आलं. प्रीताला आलं नाही. शेवटच्या प्रॅक्टिसनंतर तिने त्यांना बाजूला घेतलं. मी कोट चढवत तिथेच उभी होते.

"लास्ट कॉर्डला तू फक्त तोंड हलव ना. प्लीज?"

काकांचा चेहरा एवढासा झाला. "बरं," म्हणाले. मला प्रीताचा असा राग आला! पण कंडक्टर ती. मी कोटाची बटणं लावून निघाले. बोलायला हवं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी थंडीतापाने बेसमधले, म्हणजे खर्जातले, निम्मे गायक घरी. उरले काका धरून तिघे. शेवटच्या स्वराला एकाला खोकल्याची उबळ आली आणि दुसऱ्याचा दम संपत आला. प्रीताने डावा हात काकांकडे पसरला. गा, म्हणून. मग पुन्हा पसरला. कंडक्टरचा हात नव्हता तो, लेकीचा होता. काका डोळे घट्ट मिटून, दिलेल्या शब्दाला जागून, आवाज न काढता तोंड हलवत होते. खर्ज तुटला, आणि त्याच्यावर उभं असलेलं सगळं जंगल बसलं.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ऐकायला आलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यातलं काय कळणार!

मागच्या खोलीत प्रीता त्यांच्यापाशी गेली. "बाबा, मी तुला क्यू दिला. दोनदा. तू बघितलंच नाहीस."

"डोळे उघडे ठेवले असते ना बाळा, तर तुझा हात बघून राहवलं नसतं. गायलो असतो."

प्रीताचे डोळे भरून आले. "आय वॉज राँग. नेक्स्ट सीझनला तू गा. जसं येतं तसं गा."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या वेळी मी समोर खुर्चीत बसतो. तिथे निदान तोंड हलवावं लागत नाही."