पाटीपुरता रॅम्प

मी रॅम्प बोलतोय. स्वतःला रॅम्प म्हणवून घ्यायची लाज वाटते. पण माझ्याशेजारच्या निळ्या पाटीवर व्हीलचेअरचं चित्र आहे, त्यामुळे नाकारायचीही सोय नाही.

मी एका विवाहनोंदणी कार्यालयाच्या दारात असतो. नकाशात मी देखणा होतो. इमारतीचं जोतं तीन फूट उंच. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, असा नियम. म्हणून आर्किटेक्ट बाईंनी मला छत्तीस फूट काढलं होतं. मध्ये वळण, वळणावर दम खायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडे.

कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी नकाशा पाहिला. "अहो, मग माझी गाडी कुठे लावू? वर्षाकाठी चारजण येणार. उचलून घेऊ की त्यांना!"

बाईंनी वळण खोडलं आणि खाली सही केली. माझे बारा फूट झाले.

गवंडीकाकांनी माझ्यावर शेवटची फरशी बसवली आणि थापी खाली ठेवली. "बाई, ही तर घसरगुंडी झाली."

"उद्घाटन तोंडावर आलंय, काका. राहू द्या."

तपासणीला आलेल्या माणसाने लांबूनच विचारलं, "रॅम्प आहे ना?" कुणीतरी म्हणालं, "आहे." कागदावर बरोबरची खूण झाली. मी सुटकेचा निःश्वास सोडला. हो, मीसुद्धा.

पुढे माझ्यावर कुंड्या आल्या, चौकीदाराची सायकल आली. पाच वर्षांत मला त्याचं काही वाटेनासं झालं.

मग एका सकाळी ती आली. गणिताची शिक्षिका, व्हीलचेअरवर, अंगावर नवी कोरी साडी. सोबत होणारा नवरा, मावशी आणि साक्षीदार. चौकीदाराने घाईघाईने कुंड्या हलवल्या.

"अगं, दोन मिनिटांचं काम. चौघं मिळून उचलतील तुला," मावशी म्हणाली.

"मावशी, अपघात झाल्यापासून मला पोत्यासारखं उचलतायत. आज नाही. आज माझी मी जाणार."

तिने चाकांना जोर दिला. एक फूट. दोन. पाचव्या फुटाला चाकं थबकली आणि मागे सरकू लागली. माझी फरशी गुळगुळीत. मला धरून ठेवता येईना. धरायला कठडाही नव्हता. तिने चाकं हातांनी आवळली, तशी तळव्यांची सालं निघाली. नवरा धावला म्हणून खुर्ची उलटली नाही.

तिचं रक्त माझ्यावर पडलं, दोनच थेंब. तेव्हापासून मी मान वर केलेली नाही.

"रजिस्टर बाहेर आणा," गलका ऐकून दारात आलेल्या अधिकाऱ्याला ती म्हणाली.

"ताई, रजिस्टर बाहेर न्यायचा नियम नाही."

"रॅम्पचा नियम तुम्ही पाळलात?"

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन रजिस्टर घेऊन आला. रुमाल गुंडाळलेल्या हाताने तिने सही केली. मावशी रडली. शिक्षिका मात्र तिथेच बसून तक्रार लिहू लागली.

ती तक्रार वाचून आठ दिवसांनी आर्किटेक्ट बाईंनी तिला फोन करून माझ्यापाशी बोलावून घेतलं. "नकाशावर सही माझी आहे," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "मला ठाऊक होतं, तरी केली. माफ करा."

"माफीचं नंतर बघू. आधी बसा."

शिक्षिका हातांवर जोर देत पायरीवर सरकली आणि बाईंना आपल्या खुर्चीत बसवलं. नवरा मागे उभा राहिला. चौथ्या फुटाला बाईंचे दंड थरथरले. खुर्ची मागे आली ती थेट नवऱ्याच्या हातात. बाई बराच वेळ उतरल्याच नाहीत. ओंजळीत तोंड लपवून बसल्या होत्या.

त्याच दुपारी त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. आत आवाज चढले. बाहेर आल्या त्या खडू घेऊनच. साहेबांच्या गाडीच्या जागेवर त्यांनी रेघ ओढली. "आता तुम्ही सांगा," त्या शिक्षिकेला म्हणाल्या, "वळण कुठे घेऊ?"

आज मला फोडतायत. निम्मा तर गेलोच आहे. दुखतं, पण तक्रार नाही. एकच मागणं आहे. माझा राडारोडा लांब नेऊन टाकू नका, नव्या रॅम्पच्या पोटात भरा. ती वरून जाईल तेव्हा खाली मी असेन; तिला कळायचीही गरज नाही.