एका काडीची दोन माणसं

काडी त्यानं एकच ओढली होती. मालकानं कामावरून काढलं, त्या संतापात गोदाम पेटवलं, आणि आत निजलेला राखणदार जळून गेला. कोर्टानं गुन्हे दोन धरले: जाळपोळ वेगळी, मृत्यू वेगळा. शिक्षाही दोन, एक संपली की दुसरी.

जाळपोळीची पहिली संपली त्या दुपारी तो घरी आला.

"अगं, आत घेतेस की पाहुण्यासारखा उभाच ठेवतेस?"

बायकोला वाटलं, सुटला. लेक गळ्यात पडली. अंगाला धुराचा वास होता, आंघोळीनंही गेला नाही.

सकाळी वकीलबाईंचा फोन. "आत्ताच तुरुंगात भेटून आले त्यांना. बरे आहेत. दुसरी शिक्षा सुरू झाली."

ओट्यापाशी तो कांदा चिरत होता.

ती तुरुंगात गेली. जाळीपलीकडे तोच, भुवईवरची खूणही तीच. धुराचा वास तेवढा नव्हता.

"राखणदाराला खोकला होता गं," तो म्हणाला. "अजून ऐकू येतो."

"आणि आग?"

"कसली आग?"

घरी येऊन तिनं घरच्याला विचारलं, "राखणदार आठवतो?"

"कोण राखणदार?" म्हणत त्यानं हसून लेकीला खांद्यावर घेतलं.

त्या संध्याकाळपासून तिच्या ओठी एकच ओवी घोळू लागली:

दिवा लाविते मी एक, सावल्या पडती दोन
सांग गं भिंतीबाई, माझ्या घरचा तो कोण

कुणाला सांगणार? सवय पाहुणी म्हणून येते आणि घरधनीण होऊन बसते. घरात हसू होतं. लेकीची वेणी रोज तोच घालायचा.

अपिलाच्या दिवशी वकीलबाई कोर्टाच्या व्हरांड्यात म्हणाल्या, "मुद्दा सरळ आहे. कृत्य एक, मग शिक्षा दोनदा कशी? धाकटा गुन्हा थोरल्यात जिरेल, भोगलेली वर्षं धरली जातील, आणि ते सुटतील."

"जाळपोळीचं काय?"

"ती उरणारच नाही. जणू आग लागलीच नव्हती." मग थांबून, "पण ते म्हणतात, आधी घरी विचारा. तुम्ही नको म्हणालात तर अपील मागे. वेडेबिडे झालेत का हो?"

तिला सकाळचा घरचा तो आठवला. लेकराची झोप झोपायचा तो. आपल्या हातून कोण मेलं, हे ठाऊकच नसलेली झोप. त्या झोपेशेजारी रात्र रात्र जागी राहून तीच थकली होती.

"चालू द्या," ती म्हणाली.

अपील मान्य झालं. दिवस कलताना ती त्याला तुरुंगाच्या दारातून घेऊन आली. लेक उंबऱ्यात बसलेली, अर्धी वेणी सुटलेली.

"बाबा, वेणी घालता घालता कुठे गेला होतात? आलोच म्हणालात."

तो तिच्यामागे बसला, केसांचे पेड हातात घेतले. बोटांना धुराचा वास होता. बायकोनं डोळे मिटले. दोघंही आले होते.

मग कुणीतरी खोकलं. म्हातारा, खोल खोकला. तो खोकला त्याचा नव्हता.

"बाबा, कोण ते?"

"राखणदार," तो म्हणाला, आणि पेडावर पेड चढवत राहिला. "आता आपल्याकडेच राहील, बाळा. नीट बस."