पंधरा वॅट पुरतील का?

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. आवाज मोठा करणारी पेटी. जन्मापासून मी अस्वस्थच. बटण फिरवलं की माझ्या पोटातले काचेचे दिवे तापतात आणि मी आपला गुणगुणायला लागतो. लोक म्हणतात, बिघाड आहे. बिघाड कसला, स्वभाव आहे!

१९६१ साली मी कुडाळच्या रविकांतशेठच्या दुकानात येऊन पडलो. शेजारी चाळीस वॅटचा थोरला अ‍ॅम्प्लिफायर होता. गिऱ्हाईक आलं की त्याचंच कौतुक. मी धूळ खात, मनात जळत बसलेला. मला नेणार तरी कोण?

एके दिवशी वालावलजवळच्या एका वाडीतले दोघे आले. भजन गाणारे नाना बुवा आणि पखवाज वाजवणारा गणपत. वाडीच्या देवळात डबलबारी ठरली होती, म्हणजे दोन बुवांचा समोरासमोर सामना.

"मोठो चाळीस वॅटचो, बारको पंधरा वॅटचो," शेठ म्हणाले.

"चाळीस वाटो कित्याक? देवळाक जावक आमका एक वाट पुरे!" नाना बुवा म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. मग माझ्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "पण ह्यो एवढोसो! ह्याचो आवाज पिंपळापर्यंत तरी जातलो काय?"

"मोठ्याक वीज लागता. आपल्या वाडयेत ती खंय आसा?" गणपत म्हणाला. "ह्यो मोटारीच्या बॅटरीर चलता. ह्योच घेवया. कमी पडलो तर मी सोता परत आणून देतलंय, आणि पखवाज कायमचो खुंट्येक लावतलंय."

एवढी पैज कशासाठी, ते मला परतीच्या एसटीत कळलं. मला मांडीवर घेऊन तो स्वतःशीच पुटपुटला, "आवशीक माझो पखवाज ऐकाक येवक व्हयो." त्याची आई नर्मदा कानांनी जड झाली होती. भजनाला बायका बसत पार मागे, देवळाच्या अंगणातल्या पिंपळाखाली. मुलाचे हात हलताना तिला दिसत, आवाज मात्र पोचत नसे. आता मी पोचलो नाही तर? मला ते खड्डे सोसवेनात, की तो विचार, कोण जाणे.

सामन्याच्या दिवशी उन्हं कलली आणि माणसं जमली. एक मायक्रोफोन बुवांसमोर, एक पखवाजापाशी. आवाज बाहेर टाकणारा कर्णा खांबाला बांधला गेला. पण तोंड कुठे? गाभाऱ्याकडे!

"कर्ण्याची पाठ देवाक? भलतंच!" नाना बुवांनी ठणकावलं होतं.

झालं. सगळा आवाज देवाच्या अंगावर जाऊन सभामंडपात घुमायला लागला. अंगणातून ओरड सुरू झाली, "आवाज नाय! आवाज नाय!" कोणीतरी माझं बटण पिळत गेलं. मी जीव तोडून ओरडलो. पखवाजाचा खर्ज फाटला, फटफटी चालू व्हावी तसा.

"आणलस मां पेटी? बांध आता, आणि ने परत!" नाना बुवा गणपतवर कडाडले. त्याने पखवाज मांडीवरून खाली ठेवला. त्या क्षणी मला फार लाज वाटली.

तेवढ्यात देवळाचा गुरव उठला. "भांडतास कित्याक? देवाकच इचारूया." त्याने कौल लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली की देवाचा होकार. "देवा, कर्णो लोकांकडे फिरवक तुझी परवानगी आसा काय?"

सगळे श्वास रोखून बघत राहिले. मी एकटाच गुणगुणत होतो, इलाज नव्हता. पाकळी हलेना. मग एक ओघळली. उजवी!

कर्णा फिरवला, बटण निम्म्यावर आणलं. गणपतने पखवाज पुन्हा मांडीवर ओढला आणि डावा हात मारला. खर्ज अंगणभर गेला. पंधरा वॅट पुरले, मित्रांनो! बुवांनी गजर धरला, आणि एवढ्यात पिंपळाखालून खणखणीत आवाज आला.

"गणपत, कणीक सुकली रे! डावी पुडी कोरडी बोलता!"

पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापतात, तेव्हा खर्ज भरतो. नवरा वाजवायचा तेव्हा ती कणीक नर्मदाच मळून द्यायची. गजर थांबला. सगळी सभा मागे वळली. आता गणपत रागावणार असं मला वाटलं. पण त्याचे डोळे भरून आले होते. तो मायक्रोफोनवर वाकला आणि माझ्यातून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा म्हणाला, "व्हय गो आये! सुकली!"

आता मी देवळाच्या कोठीत आहे. माझ्या तारा उंदरांनी कुरतडल्या आहेत. मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र निवडताना वॅट जरूर विचारा, पण सगळ्यांच्या मागे कोण बसणार आहे ते आधी विचारा. आणि कधी कोठीत आलात तर माझी धूळ पुसा, तारा जोडून बघा. अजूनही पिंपळाखाली कुणीतरी कान देऊन बसलं असेल, आणि मला काही गप्प बसवत नाही.