दाराबाहेरची आई

मुलांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी एकदा नियम केला की तो खुद्द साहेबांनाही मोडता येत नसे. साहेब म्हणजे इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर. त्यामुळे मोठ्या अपघाताचा सराव घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी ते काम बिनघोर सिस्टरच्याच गळ्यात घातलं. सिस्टरनीही कंबर कसली. शाळेची बस उलटली आहे आणि जखमी मुलं एकदम दारात आली आहेत, असं धरून चालायचं होतं. लहान चेहऱ्यांना बसतील असे मास्क, बारीक सुया, छोटे पट्टे, सगळं त्यांनी हाताशी आणून ठेवलं. आणि एक नियम ठासून घातला: नातेवाईक दाराबाहेर. मागे एका खऱ्या अपघातात काका-मामा-शेजारी अशी सगळी फौज आत घुसली होती आणि डॉक्टरांना पाय ठेवायला जागा उरली नव्हती. तो राग सिस्टरच्या डोक्यातून अजून गेला नव्हता.

जखमी व्हायला कर्मचाऱ्यांचीच मुलं आली होती. आइस्क्रीम कबूल केल्यावर नाही कोण म्हणणार? सिस्टरचा सहा वर्षांचा गुंड्या तर सकाळपासून उतावीळ झाला होता. त्याच्या पायाला मोठी जखम होती, लाल रंगाची, आणि त्याने बेशुद्ध पडायचं होतं. डोळे मिटायचे, काही झालं तरी बोलायचं नाही. घरात क्षणभर तोंड बंद न ठेवणारं हे कार्टं ते कसं जमवणार, हीच सिस्टरना काळजी.

ऐनवेळी सरावात त्याच्या आईची भूमिका करणारी आयाबाई तापाने फणफणली. "मग मीच आई होते," असं म्हणून सिस्टरनी गणवेशावर जाकीट चढवलं आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं लेकरू आत आहे हो! सोडा मला!" त्यांनी असा गळा काढला की आजूबाजूचे हसायला लागले. दारावरच्या वॉचमनकाकांनी मात्र हात आडवा धरला. सिस्टरना मनातून बरं वाटलं. माणूस तयार झाला होता.

तेवढ्यात आतून तरुण डॉक्टरांचा आवाज आला. सरावात प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून करायची, असं ठरलेलं होतं. "मुलगा बेशुद्ध आहे, नाव माहीत नाही, सोबत कोणी नाही. पायाची जखम खोल आहे. पेनिसिलिन देतोय."

सिस्टरनी काकांचा आडवा हात घट्ट धरला. दोन वर्षांचा असताना हेच औषध दिल्यावर गुंड्याचा गळा सुजला होता, ओठ निळे पडले होते. ती रात्र सिस्टर जन्मात विसरणार नव्हत्या.

"काका, त्याला ते चालत नाही! आत जाऊन सांगा त्यांना!"

"वा, सिस्टर! काय ॲक्टिंग करता!" काका खूश झाले. "पण नियम म्हणजे नियम. तुम्हीच शिकवलंय."

"अहो, खरंच सांगतेय! पेनिसिलिन देऊ नका!" त्या ओरडल्या. आत कोणीतरी हसून म्हणालं, "बाहेर आई जोरात आहे आज." आणि सुई नसलेली सिरिंज गुंड्याच्या दंडाला टेकली.

नंतरच्या बैठकीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडभर कौतुक केलं. दारावरची शिस्त तर त्यांना फारच आवडली. टाळ्या पडल्या. साहेबांची छाती फुगली. आता नुसतं आभार मानून बसायचं होतं, पण सिस्टर उभ्या राहिल्या.

"खरा अपघात असता, तर माझा मुलगा आज गेला असता," त्या म्हणाल्या, आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

साहेब गडबडले. "सिस्टर, पण ते आपण ठरवलेल्या प्रसंगात नव्हतं."

"प्रसंगात नव्हतं, साहेब. पोराच्या अंगात होतं." त्यांचा आवाज कापत होता आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. "गर्दी बाहेरच राहू दे. पण प्रत्येक मुलामागे एक माणूस आत आलाच पाहिजे. नियम मी केला, चूक माझी. हा सराव पुन्हा घ्यायचा."

दाराशी उभे असलेले वॉचमनकाका खाली बघत होते. सिस्टर जाताना त्यांच्यापाशी थांबल्या. "तुम्ही मी सांगितलं तेच केलंत, काका," त्या म्हणाल्या. काकांना त्याने फारसं बरं वाटलं नाही.

घरी जाताना गुंड्या आइस्क्रीम चाटत चालला होता. "आई, मी एकदा तरी बोललो का? सांग ना!"

"नाही रे. शहाणा माझा."

"तुझा आवाज येत होता मला."

सिस्टर थांबल्या. "मग घाबरलास?"

"छे! तू सांगत होतीस ना त्यांना," गुंड्या म्हणाला, "मला वाटलं, आता नाही टोचणार."