नको इतकं गोल

पडद्यावरचं वर्तुळ नको इतकं गोल होतं. आडवं मोजलं तर १.८ मिलिमीटर, उभं मोजलं तरी १.८, तिरपं मोजलं तरी तेवढंच. सदुसष्ट वर्षांच्या माणसाची धमनी अशी नसते. कुठे ती चपटी होते, कुठे भिंतीला चरबीचा थर चढतो.

"हेच ते," डॉक्टर केदार म्हणाले. "मुख्य धमनीचं तोंड. क्षेत्रफळ अडीच चौरस मिलिमीटर."

सहाच्या खाली आलं तर बायपास, असं ठरलेलं होतं.

टेबलावर महिपतराव जागे होते. मनगटातून घातलेल्या नळीतून अल्ट्रासाउंडचं बारीक टोक त्यांच्या हृदयापर्यंत गेलं होतं आणि धमनीच्या आतून चित्रं पाठवत होतं. अँजिओग्राफीत नुसती सावली दिसते. तेवढ्यावरून दिल्लीचे सर्जन म्हणाले होते, ऑपरेशन करा. इथले म्हणाले होते, थांबा. या वादात आठ महिने महिपतराव रोजचा किल्ल्याचा चढ चढले नव्हते. बाहेर त्यांच्या पत्नी शांताताई दिल्लीला जायची बॅग भरूनच बसल्या होत्या.

"बेटा, टीव्हीवर काय निघालं?" मशीनपाशी बसलेल्या मला महिपतरावांनी विचारलं. "पिक्चर फ्लॉप?"

१.८ हा आकडा मी कुठे तरी पाहिला होता. केसच्या कागदांवर डकवायला मी प्रत्येक पाकिटाचं लेबल काढून ठेवते. ती चाळली. टोक ज्या जाड नळीतून आत गेलं होतं, तिच्या लेबलावर होतं: आतला व्यास ०.०७१ इंच. मनात गुणाकार केला. १.८ मिलिमीटर.

"सर, नळी धमनीच्या तोंडात रुतून बसलीय. आपण धमनी नाही, नळी मोजली."

डॉक्टरांनी माझ्याकडे मान वळवली. मशीन येऊन चार महिने झाले होते, आणि त्यात मी डॉक्टरांना एकदाही अडवलं नव्हतं.

"फिजिक्सवाल्या मॅडम, खात्री आहे?"

"नळी जराशी मागे घ्या, धमनीच्या बाहेर. मग परत बघा. चुकले तर उद्यापासून फक्त लेबलं डकवीन."

नर्स गरिमा खुदकन हसली. डॉक्टरांनी नळी मागे घेतली. मोटर टोकाला सावकाश ओढू लागली, सेकंदाला अर्धा मिलिमीटर. वर्तुळ ओबडधोबड झालं. एका कडेला चरबीची पातळ कोर, बाकी सगळी जागा रक्ताला मोकळी. तोंडापाशी मी चित्र थांबवलं आणि कडेवरून रेघ फिरवली.

क्षेत्रफळ ८.४.

डॉक्टरांनी मला उठवलं आणि स्वतः रेघ फिरवली. ८.३.

"सर, तुमचा हात जरा आत गेला," मी म्हटलं. मास्कच्या आतून ते मोठ्याने हसले.

"अरे, कोई मला पण सांगेल?" महिपतराव ओरडले.

डॉक्टर त्यांच्या उशाशी गेले. "रस्ता मोकळा आहे, महिपतराव. मागच्या वेळी अँजिओग्राफीत नळीच्या टोचण्याने धमनी आकसली असणार. त्याचीच ती सावली."

"ते ठीक आहे. आठ महिन्यांचा फैसला सांगा. आणि जोरात! शांता बाहेर आहे, तिला मी सांगितलेलं खरं वाटत नाही."

मी दार उघडलं. शांताताई बॅग छातीशी धरून उभ्या राहिल्या.

डॉक्टर केदारांचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"शांताताई, बायपास करायची नाही!"