रुळावरचा हात

"उतरला पाहा. चाळिशीचा बाप्या झाला, पन रूळ दिसले का याचे पाय ढिले पडतेत," कोकिळाबाई जीपच्या मागच्या सीटवरून म्हणाल्या. "पाव्हने बसेल हायेत, त्याहीची तरी लाज धराव मान्सानं."

पाव्हणे म्हणजे नेरचे चारुदत्तराव, कचेरीतले मोठे बाबू. आपल्या मुलासाठी नीळकंठच्या सुरभीला पाहायला आले होते. पोहे झाले, पसंतीचं बोलणं झालं, सुपारी तेवढी फुटायची होती. नीळकंठ त्यांना वणीच्या स्टँडवर सोडायला निघाला, तशा कोकिळाबाईही जीपमध्ये चढल्या. नातीच्या सोयरिकीत शेवटचा शब्द मुलानं बोलावा, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

राजूरच्या खाणीकडे जाणाऱ्या त्या रुळांना ना फाटक, ना चौकीदार. दोन्ही अंगांना बाभळी माजलेल्या. नीळकंठ नेहमीसारखा चालत रुळापाशी गेला, उकिडवा बसला आणि लोखंडावर तळहात टेकवला.

मागून ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा दाबला. "ओ वैद्यबुवा, ताप हाय का रुळाले?"

कोकिळाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला. तेवढ्यात लांब कुठंतरी इंजिनाची शिट्टी वाजली.

चारुदत्तरावांनी घड्याळ पाहिलं. "बस चुकेल हो. शिट्टी तर लांब आहे, तेवढ्यात निघून जाऊ."

मुलाला हाक मारायला बाईंनी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

आठ वर्षांपूर्वी, कापसाला कोणी हात लावत नव्हतं त्या साली, त्या इथंच बैलबंडीतल्या कापसावर बसल्या होत्या. खरेदी दुपारीच बंद होणार, असा वणीहून सांगावा आला होता. त्यांचे यजमान सदाशिवराव नेहमीप्रमाणे रुळाला हात लावून थरथर जाणवते का ते पाहायला उतरत होते. एक पाय जमिनीला टेकलाही होता. बाईंनी वरूनच म्हटलं होतं, "शिट्टी लांब हाय, हाना बंडी." घरात बाईंचा शब्द सदाशिवरावांनी कधी खाली पडू दिला नव्हता. ते पुन्हा चढले.

शिट्टी लांबच होती. पण इंजिन मागे लावून रिकामे डबे खाणीकडे ढकलत आणत होते. पुढचे डबे मुकाट्यानं आले. बाई कापसासकट शेतात फेकल्या गेल्या, म्हणून वाचल्या; सदाशिवराव वाचले नाहीत. गावानं ठरवलं, म्हातारा उतावळा होता. बाईंनी गावाला तसंच म्हणू दिलं.

"नीळकंठराव, चला ना," चारुदत्तरावांनी हाक दिली.

नीळकंठनं मागे न पाहता मोकळा हात वर केला आणि उठून चार पावलं मागे सरला.

बाभळींमधून एक डबा निघाला. चाकांची बारीक घरघर, बाकी काही नाही. त्यामागे दुसरा, मग एकामागून एक. जीपच्या काचा थरथरू लागल्या. सगळ्यात शेवटी, शिट्टी वाजवत, इंजिन गेलं.

ट्रॅक्टरवाल्यानं पुन्हा भोंगा दाबला नाही.

नीळकंठ येऊन बसला, तेव्हा चारुदत्तराव रुमालानं मान पुसत होते. "वडिलांना घाई नडली, असं ऐकलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही बरे त्यांच्यावर गेला नाहीत."

हे ऐकायची नीळकंठला सवय होती. त्यानं किल्लीला हात घातला.

"थांब," कोकिळाबाई म्हणाल्या.

दोघंही मागे वळले. बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. पाव्हण्यांकडे त्यांनी पाहिलं नाही.

"नीळ्या, तुहा बाप उतावळा नव्हता. तो उतरून राह्यला होता, हाना म्या म्हनलं. तू त्याच्यावर गेला, माह्यावर नाही. तेच बरं झालं."